स्थगित दावा वाऱ्यावर सोडू नका: ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

रेडिंग, जानेवारी 2010

सप्रेम नमस्कार,

रेडिंग, स्लाव, हॅरो, मिल्टन कीन्स, स्विंडन, क्रॉयडन इथल्या ज्या मराठी मंडळींनी 2006-07 मध्ये खात्यात पुरेसे पैसे नसताना बँकेने लावलेले चार्जेस परत मिळवण्यासाठी काउंटी कोर्टात (इथल्या स्थानिक दिवाणी कोर्टात) दावा टाकला आणि ज्यांचा दावा तेव्हापासून स्थगित आहे, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. दरम्यान जे पुण्याला, ठाण्याला, नाशिकला परत गेले आणि ज्यांच्या दाव्याचे कागद अजून इथल्या कुठल्यातरी जुन्या भाड्याच्या फ्लॅटवर येतात, त्यांनी तर ते दोनदा वाचावं.

निकाल लागल्यापासून जो भेटतो तो एकच सांगतो: ‘सुप्रीम कोर्टात बँका जिंकल्या, विषय संपला.’ बँकाही तेच लिहून पाठवतायत. विषय बराचसा संपलाय, हे मलाही मान्य आहे. पण तुमचा दावा अजून कोर्टाच्या दप्तरी जिवंत आहे. तो पुढे न्यायचा की मागे घ्यायचा, हे तुमच्या हातात आहे. तुम्ही नुसते बसून राहिलात तर कोर्ट तो एका पानाच्या आदेशाने निकालात काढेल, तुम्हाला न बोलावता. तसं होऊ देऊ नका, एवढीच माझी विनंती आहे. सोडायचा तर समजून सोडा.

मी वकील नाही. हिशेब तपासणं हा माझा पेशा. मंडळातल्या लोकांचे फॉर्म भरून देता देता हे नियम वाचत गेले, त्यातलं जे पक्कं कळलं तेवढंच इथे लिहिते आहे.

बँकांच्या पत्रांत निकाल अर्धाच सांगितलेला असतो, म्हणून आधी तो नीट पाहू. 25 नोव्हेंबर 2009 ला पाचही न्यायमूर्तींनी एकमताने बँकांच्या बाजूने कौल दिला. सुनावणी जूनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे झाली होती. 1 ऑक्टोबरपासून ते न्यायपीठ पार्लमेंट स्क्वेअरच्या मिडलसेक्स गिल्डहॉलमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणून बसू लागलं आणि आपला निकाल तिथून आला. त्यांच्यापुढचा प्रश्न फार मर्यादित होता. ग्राहक करारांतल्या अन्यायकारक अटींबद्दलचे 1999 चे नियम आहेत, त्यांतला सहावा नियम सांगतो की वस्तूची किंवा सेवेची किंमत वाजवी आहे का, हे अट स्पष्ट भाषेत असेल तर कोर्टाने तपासायचं नाही. विनापरवाना ओव्हरड्राफ्टचे, म्हणजे बँकेशी आधी न ठरवता खातं उणे गेल्याबद्दलचे, चार्जेस ही अशी ‘किंमत’ आहे का? हायकोर्टात न्यायमूर्ती अँड्र्यू स्मिथ यांनी 24 एप्रिल 2008 ला ‘नाही’ म्हटलं. अपील कोर्टाने 26 फेब्रुवारी 2009 ला तेच उचलून धरलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, आहे: खातं चालवण्याच्या सगळ्या सेवेचा जो मोबदला बँक घेते, त्याचाच हा एक भाग.

चार्जेस न्याय्य आहेत असं मात्र कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. ते ठरवणं आपलं काम नाही, हे लॉर्ड वॉकर यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं, आणि मंत्र्यांना व पार्लमेंटला यात पुन्हा लक्ष घालावंसं वाटू शकेल अशी पुस्तीही जोडली. लेडी हेल यांनी तर बँका सध्या देशातल्या सर्वांत लोकप्रिय संस्था नसतील, असा चिमटा काढून मग निकाल त्यांच्याच पदरात टाकला. त्यानंतर 22 डिसेंबरला ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने, म्हणजे बँकांविरुद्ध हा खटला लढवणाऱ्या, ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी कार्यालयाने, आपण या चार्जेसची चौकशी पुढे नेणार नाही असं जाहीर केलं. ज्यांच्या भरवशावर अडीच वर्षं सगळे थांबले होते, त्यांनीच नाताळाच्या तोंडावर हात वर केले.

हा सगळा खटाटोप कशासाठी होता, हे घरातली तरुण मंडळी विचारतात. एका मित्राच्या 2003 च्या स्टेटमेंटचं पान आत्ता माझ्यासमोर आहे. मोबाइलच्या बिलाचा पंधरा पौंडांचा डायरेक्ट डेबिट आला तेव्हा खात्यात बारा पौंड होते. बँकेने डेबिट परत पाठवला आणि त्याबद्दल पस्तीस पौंड लावले. ते पस्तीस पौंड पुढल्या महिन्यात, पगार जमा व्हायच्या आदल्याच दिवशी कापले गेले. त्या कापण्यानेच खातं उणे झालं, म्हणून विनापरवाना ओव्हरड्राफ्टचे आणखी अठ्ठावीस. तीन पौंडांच्या तुटीपायी त्रेसष्ट पौंड. ऑनसाइट आलेल्या माणसाचा पहिला पगार उशिरा व्हायचा, फ्लॅटचं डिपॉझिट आणि काउन्सिल टॅक्स एकदम अंगावर यायचा, आणि ही साखळी चालू व्हायची. 2006 या एका वर्षात बँकांना चालू खात्यांतून मिळालेल्या 8.3 अब्ज पौंडांपैकी 2.6 अब्ज अशा चार्जेसचे होते, असं ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगच्याच अहवालात आहे. शिल्लक कधी शून्याखाली न गेलेल्यांचं ‘फुकट’ खातं कोणाच्या खिशातून चालतं, ते यावरून कळावं.

2006 मध्ये लोक दावे टाकू लागले. बहुतेक दाव्यांत बँका सुनावणीच्या आधी गुपचूप पैसे देऊन मोकळ्या होत. कोर्टांत ढीग लागला. मग जुलै 2007 मध्ये सात बँका, एक बिल्डिंग सोसायटी आणि ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग यांच्यात ठरलं की एकच नमुना खटला लढवायचा. बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या एफएसएने त्यांना तक्रारी बाजूला ठेवायची मुभा दिली, ग्राहकांच्या बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या ओम्बड्समननेही हात आखडता घेतला आणि काउंटी कोर्टांनी आपापले दावे स्थगित केले. तुमचा दावा थांबला तो तिथे.

त्या स्थगितीच्या आदेशाची प्रत शोधून काढा. कोर्टाचा शिक्का, वर दावा नंबर (पहिला आकडा बहुधा 6 किंवा 7, म्हणजे दाखल केल्याचं साल) आणि खाली दोन-तीन कलमं. त्यांत काय लिहिलंय त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. काही न्यायाधीशांनी ‘नमुना खटल्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत’ असं लिहिलं, काहींनी ठरावीक तारीख घातली, काहींनी ‘पुढील आदेश होईपर्यंत’. आणि काही आदेशांत शेवटी एक कलम आहे, ते नीट वाचा: निकालानंतर इतक्या दिवसांत कोणत्याही पक्षाने अर्ज केला नाही, तर दावा काढून टाकला जाईल. त्यात ‘आपोआप’ अशा अर्थाचा शब्द असेल तर वेगळी नोटीस येणार नाही. तारीख उलटली की दावा गेला.

ज्यांच्या आदेशात असं कलम नव्हतं, त्यांना नवे आदेश येऊ शकतात. इंग्लंड-वेल्सच्या दिवाणी नियमांप्रमाणे न्यायाधीश आपणहून, कोणालाही न ऐकता आदेश काढू शकतो. पण तसं केलं तर तो आदेश रद्द करून किंवा बदलून मागायचा हक्क तुम्हाला आहे, हे त्याच आदेशात लिहावं लागतं. मुदत आदेशात दिलेली असेल ती. दिलेली नसेल तर तो तुम्हाला बजावल्यापासून सात दिवस. आणि ‘बजावणं’ म्हणजे तुम्ही पाकीट उघडलं तो दिवस नव्हे. साध्या फर्स्ट क्लास टपालाने टाकलेलं पत्र टाकल्यानंतर दोन दिवसांनी (सोमवारी टाकलं तर बुधवारी), तो दिवस कामकाजाचा नसेल तर त्यापुढच्या कामकाजाच्या दिवशी पोचलं, असं नियम धरून चालतो. तुम्ही सुट्टीवर होता की सोलापूरला, याच्याशी त्याला घेणं नाही. उशीर झाल्यावरही माफीचा अर्ज करता येतो, पण तिथे कारण सांगावं लागतं आणि ते पटवावं लागतं.

आपल्याकडची सवय इथे घात करते. गावाकडे जमिनीचा दावा आजोबांनी टाकलेला असतो आणि नातू तारखांना जातो. दावा पडून राहतो, पण मरत नाही अशी आपली पक्की समजूत. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणतात ते त्यामुळेच. इथल्या काउंटी कोर्टाला मात्र कपाट रिकामं करायची घाई आहे. हजारो दाव्यांच्या फायली अडीच वर्षं तशाच आहेत, आणि नोव्हेंबरच्या निकालाने त्या एकगठ्ठा बंद करायला आयतं निमित्त दिलं आहे.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. ‘जाऊ दे, आत्ता काढून टाकला तर टाकू दे, पुढे कोणी चांगला मुद्दा शोधला की नवा दावा टाकू,’ असं दोघातिघांनी मला सांगितलं. हे करू नका. मुदतीचा 1980 चा कायदा सहा वर्षं मागे जाऊ देतो, आणि ती सहा वर्षं दावा दाखल झाल्याच्या दिवसापासून मोजतात. तुम्ही मार्च 2007 मध्ये दावा टाकला असेल, तर मार्च 2001 पासूनचे चार्जेस त्यात बसलेले आहेत. त्यांच्यापुरतं घड्याळ तेव्हाच थांबलं. स्थगितीत कितीही वर्षं गेली तरी ते थांबलेलंच आहे. तोच दावा आज नव्याने टाकलात तर जानेवारी 2004 च्या मागचं सगळं मुदतबाह्य. पुढच्या वर्षी टाकलात तर 2005 च्या मागचं. आणि आपल्यातल्या बहुतेकांना मार बसला तो आल्या आल्या, 2001 ते 2003 मध्ये. त्या वर्षांचा हिशेब फक्त या स्थगित दाव्यातच जिवंत आहे. दावा गेला की ती वर्षं गेली, ती परत मिळवायला दुसरा कागद नाही.

व्याजाचंही तसंच. दाव्यात आठ टक्के सरळ व्याज मागितलं असेल (काउंटी कोर्ट कायद्याचं 69 वं कलम), तर हजार पौंडांमागे रोजचे सुमारे बावीस पेन्स होतात, आणि स्थगितीचे दिवसही मागणीत धरता येतात. व्याज द्यायचं की नाही हे न्यायाधीशाच्या मर्जीवर असतं, हे खरं. पण दावाच नसेल तर मागणार कशावर?

आता परत गेलेल्यांसाठी. तुमच्या दाव्यावरचा पत्ता बदलल्याचं तुम्ही कोर्टाला लेखी कळवलं आहे का? नसेल तर आज कळवा, हे पत्र वाचून संपवायच्या आधी. पुण्याचा पत्ता देऊन भागत नाही. वकील नसलेल्या पक्षकाराने कागद बजावण्यासाठी ब्रिटनमधला पत्ता द्यावा लागतो. इथे राहणाऱ्या मित्राचा, भावाचा, मावशीचा पत्ता द्या, पण आधी त्यांना विचारा आणि सांगून ठेवा की कोर्टाचा शिक्का असलेलं पाकीट आलं तर उघडून त्याच दिवशी स्कॅन करून पाठवायचं. पत्रात दावा नंबर, दोन्ही पक्षांची नावं, जुना पत्ता, नवा पत्ता, आणि त्याचीच प्रत बँकेच्या वकिलांना. रॉयल मेलकडून टपाल पुढे पाठवायची सोय घेतली होती म्हणून निर्धास्त राहू नका, ती ठरावीक मुदतीची असते. ज्यांनी ऑनलाइन दावा टाकला, त्यांनी हेही बघावं की फाइल आता आहे कुठे. ती नॉर्थॅम्प्टनला नोंदली गेली असली, तरी बँकेने बचाव दाखल केल्यावर बऱ्याच जणांची फाइल त्यांच्या जवळच्या कोर्टात वर्ग झाली. चुकीच्या कोर्टाला पाठवलेलं पत्र वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही.

सुनावणीला हजर राहायला विमानाचं तिकीट काढायचं का, असाही प्रश्न आला. दावा स्मॉल क्लेम्सच्या, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या, वर्गात असेल तर गरज नाही. सुनावणीच्या किमान सात दिवस आधी कोर्टाला आणि बँकेला लेखी कळवायचं की मी येणार नाही, माझ्या कागदपत्रांवरून माझ्या गैरहजेरीत निर्णय द्यावा. मग तुमचं म्हणणं आणि कागद विचारात घेतले जातात. मित्राला मात्र तुमच्या जागी उभं करता येत नाही. वकील नसलेला माणूस तुमच्या वतीने बोलू शकतो तो तुम्ही स्वतः तिथे असाल तेव्हाच.

दावा जिवंत ठेवायचा म्हणजे काय करायचं? नुसतं ‘स्थगिती चालू ठेवा’ म्हणून भागणार नाही, कारण ज्या निकालासाठी स्थगिती होती तो लागला. न्यायाधीश विचारणार, आता कशाची वाट बघताय? म्हणून तुमच्या दाव्याचा पाया बदलावा लागेल. 2006-07 चे बहुतेक दावे दोन मुद्द्यांवर होते. पहिला, हा चार्ज म्हणजे करार मोडल्याचा दंड आहे आणि 1915 च्या डनलॉप खटल्यापासून इथला कायदा असा दंड वसूल करू देत नाही. तो मुद्दा हायकोर्टातच जवळजवळ बुडाला: शिल्लक नसताना पैसे काढणं म्हणजे ओव्हरड्राफ्टची विनंती करणं, त्याने करार मोडत नाही, मग दंड कसला, असा तो न्याय. (वाचून मलाही हसू आलं होतं. पण कायदा आहे.) दुसरा मुद्दा, चार्ज अवाजवी आहे. तो नोव्हेंबरात बुडाला. या दोन मुद्द्यांवर अडून राहिलात तर दावा काढून टाकायला बँकेला एका पत्राचंही काम नाही, आणि वर तुम्ही अविवेकी वागलात म्हणून खर्च मागायची संधी तिला मिळेल.

उरतात त्या दोन वाटा. एक त्याच 1999 च्या नियमांतली: किंमत जास्त आहे असं न म्हणता, पाचव्या नियमाखाली अट इतर कारणांनी अन्यायकारक आहे असं म्हणायचं. ही फट निकालात बुजवलेली नाही, पण ती अरुंद आहे. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने याच फटीकडे बघून माघार घेतली, हे विसरू नका. दुसरी वाट कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या 140-ए कलमाची, म्हणजे बँक आणि ग्राहक यांच्यातला कर्जसंबंधच अन्यायकारक आहे असा दावा. नमुना खटल्यात या कलमाचा निर्णय झालेला नाही. त्यात एक गोष्ट आपल्या सोयीची आहे: ग्राहकाने आरोप केला की संबंध न्याय्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर येते. आणि एक गोष्ट परत गेलेल्यांच्या मुळावर येणारी. जुन्या करारांना हे कलम 6 एप्रिल 2008 पासून लागू झालं, आणि त्याआधीच जो करार पूर्ण संपला, देणंघेणं काही उरलं नाही, त्याला ते लागत नाही. तुम्ही 2007 मध्ये खातं बंद करून, हिशेब मिटवून विमानात बसला असाल तर ही वाट तुम्हाला बंद आहे. खातं बंद केल्याची तारीख तपासल्याशिवाय हे कलम अर्जात घालू नका.

खरं सांगायचं तर दोन्ही वाटांनी जिंकायची शक्यता मला कमीच दिसते. पण कमी आणि शून्य यांत फरक आहे, आणि ग्लासगोच्या गोवन लॉ सेंटरसारखे लोक या मुद्द्यांवर काम करतायत. त्यांच्या दाव्यांतून काही निघालं, तर त्याचा उपयोग ज्याचा दावा दप्तरी आहे त्यालाच पुरता होईल.

अर्जाचा फॉर्म एन-244. काय मागायचं ते थोडक्यात: स्थगिती उठवावी, सोबत जोडल्याप्रमाणे दाव्यात दुरुस्ती करायची परवानगी द्यावी, आणि पुढील कार्यवाहीबद्दल आदेश द्यावेत. दावा बँकेला बजावला गेल्यानंतर तुम्हाला आपणहून दुरुस्ती करता येत नाही. बँकेची लेखी संमती लागते किंवा कोर्टाची परवानगी, आणि बँक संमती देईल अशी आशा धरू नका. दुरुस्त दाव्याचा मसुदा जोडताना जुना मजकूर खोडलेला पण वाचता येईल असा ठेवायचा आणि नवा मजकूर अधोरेखित करायचा. पहिल्या दुरुस्तीला लाल रंग वापरायची इथली रीत आहे. वस्तुस्थिती तीच, त्याच खात्यावरचे तेच चार्जेस, असं स्पष्ट लिहा, कारण मुदत संपल्यानंतरही दुरुस्ती मान्य होऊ शकते ती नवा मुद्दा त्याच घटनांतून निघत असेल तर. नवे चार्जेस, दुसरं खातं, बायकोचं खातं असलं काही त्यात घुसवू नका. चार्जेसची यादी (तारीख, तपशील, रक्कम, व्याज) आजच्या तारखेपर्यंत नव्याने जोडा. शेवटी सत्यकथनाखाली सही. अर्जाला फी आहे. उत्पन्न कमी असेल तर माफीसाठी ईएक्स-160 फॉर्म भरा.

खर्चाची भीती बरेच जण घालतात. दावा पाच हजार पौंडांपर्यंतचा असेल आणि स्मॉल क्लेम्स वर्गात वर्ग झाला असेल, तर हरलात तरी बँकेच्या वकिलाचं बिल सहसा तुमच्यावर येत नाही. अविवेकी वागणूक हा त्याला अपवाद. पण ‘वर्ग झाला असेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अनेक दावे वर्गवारी व्हायच्या आधीच स्थगित झाले. तसं असेल तर ते संरक्षण अजून तुम्हाला मिळालेलं नाही, म्हणून वर सांगितलेल्या अर्जातच स्मॉल क्लेम्स वर्गात टाकावा अशी विनंती घाला. पाच हजारांच्या वरच्या दाव्यांनी मात्र माझ्या पत्रावर विसंबू नये. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ब्युरोत जा, वकिलाला विचारा.

आणि ‘आम्ही तुमचा स्थगित दावा चालवून देतो, मिळतील त्यातले इतके टक्के आमचे, आगाऊ इतके द्या’ म्हणणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहा. दावे चालवणाऱ्या कंपन्यांना 2007 पासून न्याय मंत्रालयाच्या देखरेखीखाली परवानगी घ्यावी लागते, ती आहे का ते विचारलं तरी अर्धे फोन बंद होतात. निकालानंतर त्यांच्याकडे आपल्यापेक्षा वेगळी कोणतीही किल्ली नाही.

ज्यांना हे सगळं वाचून वाटलं की नको ही कटकट, त्यांचंही बरोबर आहे. दोनशे पौंडांसाठी पुण्यातून हे करणं परवडायचं नाही, आणि कोर्टात भरलेली फी तशीही परत मिळत नाही. पण मागे घ्यायचा तरी रीतसर घ्या. फॉर्म एन-279, एक प्रत कोर्टाला, एक बँकेला. दावा स्मॉल क्लेम्सच्या वर्गात असेल तर मागे घेतल्याबद्दल खर्च द्यावा लागत नाही. वर्गवारी झाली नसेल तर आधी बँकेच्या वकिलांकडून ‘आम्ही खर्च मागणार नाही’ असं लेखी घ्या, मग सही करा. बँकेने स्वतःच तयार केलेला कागद सहीला पाठवला असेल तर त्यात ‘या खात्यासंबंधी सर्व दावे’ असं काही आहे का बघा. असेल तर ते खोडून घ्या, नाहीतर सही करू नका.

ज्यांची परिस्थिती खरोखर ओढगस्तीची आहे, नोकरी गेली आहे, घरभाडं थकलं आहे, त्यांनी दाव्याच्या जोडीला बँकेकडे हलाखीचं कारण देऊन वेगळा अर्जही करावा. एफएसएची मुभा चालू होती तेव्हाही अशा प्रकरणांकडे बघणं बँकांना भाग होतं. निकाल चार्जेसच्या कायदेशीरपणाबद्दल आहे. अडचणीतल्या ग्राहकाशी नीट वागायची जबाबदारी त्याने संपत नाही, आणि बँकेने नकार दिला तर सहा महिन्यांच्या आत ओम्बड्समनकडे जाता येतं.

एडिंबरा-ग्लासगोच्या मंडळींना वरचं जसंच्या तसं लागू नाही. तुमचं कोर्ट शेरीफचं, मुदत पाच वर्षांची, फॉर्म वेगळे. तुमचा दावा ‘सिस्ट’ (तिकडच्या भाषेत स्थगित) झालेला आहे की अजून कुठल्या टप्प्यावर आहे, ते शेरीफ क्लार्कच्या ऑफिसात विचारा.

इथल्यांनी कोर्टाला फोन करून दावा नंबर सांगावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: फाइल याच कोर्टात आहे का, नोव्हेंबरनंतर काही आदेश निघाला आहे का, आणि माझा पत्ता तुमच्याकडे कोणता आहे. जे उत्तर मिळेल ते तारीख, वेळ आणि क्लार्कच्या नावासह लिहून ठेवा. अर्जाचा मसुदा कोणाला वाचून हवा असेल तर मंडळाच्या पुढच्या बैठकीला येताना स्थगितीच्या आदेशाची प्रत आणि चार्जेसची यादी घेऊन या. यादी कॅल्क्युलेटरवर पडताळून आणलीत तर माझा निम्मा वेळ वाचेल.

आपली,
एक स्थगित वादी